पाहुणीचा हात

नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती नुसती ऐकलेली होती, डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. यावरून ती किती जुनी असेल ते बघा.

तेव्हा काळगंगेच्या या काठावर भोवरे गाव होतं आणि त्या काठावर तांबखडा. मधे एकच वाट होती, ती म्हणजे लिंबाजी नावाड्याची नाव. सोयरीक जुळली की वरात नावेतून जायची, भांडण झालं की शिव्याही नावेतूनच जायच्या.

त्या काळी देवीचा रोग होता. आता तो कुठंच उरला नाही, म्हणून लहानांना सांगावं लागतं. आधी ताप यायचा, मग अंगभर फोड उठायचे. कितीतरी पोरं त्यात जायची. जी वाचायची, त्यांच्या तोंडावर जन्मभराचे वण राहायचे, कुणाचे डोळे जायचे. पण लोक त्याला रोग म्हणत नसत. देवी आली, असं म्हणत. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागायचा, चुलीवर फोडणी बंद व्हायची, घरातली माणसं हळू आवाजात बोलायची. पाहुणी रागावून जाऊ नये म्हणून जपायचं, तसं जपायचे.

आणि भोवऱ्याची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं नव्हती. देवी येऊन गेल्याशिवाय तिथं पोरांची नावं ठेवत नसत. नाव ठेवलं की पोर आपलं झालं, आणि ज्याला आपलं म्हटलं त्याला देवी आधी उचलते, अशी समजूत होती. म्हणून मुलगा असला तर त्याला पाहुणा म्हणायचे आणि मुलगी असली तर पाहुणी. गल्लीत कुणी "अरे पाहुण्या" अशी हाक दिली की निम्मी गल्ली धावत यायची. देवी येऊन गेली आणि पोर वाचलं, की देवळाची पुजारीण राही आजी त्याच्या वणांवरून बोट फिरवायची, "मोजलं गं आई," असं देवीला सांगायची आणि मग सगळ्यांसमोर नाव ठेवायची. लग्न करून पलीकडे गेलेल्या भोवऱ्याच्या लेकीही ही रीत बरोबर घेऊन गेल्या आणि तांबखड्यातही ती रुजली.

लिंबाजी नावाड्याला एक मुलगी होती. तिची गंमत अशी की ती पुरती वाढली, वल्हं मारू लागली, तिच्या बरोबरीच्या मुली सासरी जाऊन लेकुरवाळ्या झाल्या, तरी ती पाहुणीच राहिली. देवी त्यांच्या घरी येऊन गेलेली होती. तिनं थोरला भाऊ नेला, धाकटी बहीण नेली. मोठी बहीण वाचली, तिला भिवरा हे नाव मिळालं आणि ती तांबखड्यात नांदायला गेली. पण त्याच अंथरुणावर निजलेल्या या मुलीला देवीनं बोटही लावलं नाही. तिचं तोंड नदीच्या पहाटेच्या पाण्यासारखं नितळ राहिलं. परगावचे उतारू ते बघून सुंदर म्हणायचे. भोवऱ्याची माणसं मात्र नजर वळवायची. नितळ तोंड म्हणजे देवीचं यायचं अजून राहिलेलं आहे, एवढंच त्यांना दिसायचं.

तिचं लग्नही ठरत नव्हतं. अक्षता टाकायच्या तर कुणाच्या नावानं टाकायच्या?

असं म्हणतात, की उतारू उतरवून रिकामी नाव घेऊन परत येताना ती भर नदीत थांबायची आणि स्वतःलाच एकेक नाव घेऊन हाक मारून बघायची. यमुना. ठकू. साळू. हाक मारायची आणि आपण वळून बघतो का ते बघायची. एकाही नावाला ती वळली नाही.

एका वर्षी श्रावणात वरच्या गावांतून बातमी आली, की देवी निघाली आहे. नदीच्या काठाकाठानं ती खाली येत होती. आणि तिच्या पुढं पुढं चालत, घाईघाईनं, भोवऱ्यात आला एक किडकिडीत माणूस. डोक्याला पगडी, काखेत छत्री आणि हातात लाकडी पेटी. त्याचं नाव केरोपंत. तो गावोगाव देवी टोचत हिंडायचा. त्याच्याबरोबर एक धनगरीण होती आणि तिच्या कडेवर एक गुबगुबीत पोर. पोराच्या दंडावर एकच टपोरा फोड होता.

केरोपंत पारावर बसला आणि सांगू लागला, "ही गाईची देवी आहे. धाकटी. गाईच्या सडावर उठते ती. ती ज्याच्या अंगावर राहून जाते, त्याच्याकडे थोरली फिरकत नाही. या पोराच्या दंडातलं पाणी मी तुमच्या पोराच्या दंडावर टोचणार. आठवड्यानं तुमच्या पोराचा फोड पिकेल, मग त्याच्या दंडावरून पुढच्या गावाला. दिव्यानं दिवा लावावा तसं मी इथवर आलोय. मधे एक जरी विझला, तर मागं फिरून पुन्हा पहिल्यापासून."

राही आजी काठी टेकत पुढं आली. तिच्या तोंडावर वणांची इतकी दाटी होती, की ती हसते आहे का रागावली आहे हे कळत नसे.

"गाईची देवी," ती म्हणाली. "वं पंत, आता म्हशीची कवा आणताय?"

पारावर हशा पिकला.

"आजी, तुमच्या नातवासाठीच सांगतोय," केरोपंत म्हणाला.

"माझा नातू देवीचा हाय. ती आली तर मी तिला पाट देईन, पाणी देईन. तुम्ही तिच्या तोंडावर दार लावाया सांगताय. लावा तुमच्या घरचं."

ती वळली आणि गाव तिच्या मागं वळलं. बायकांनी घरी जाऊन पोरं धान्याच्या कणग्यांत लपवली. दुपारभर कणग्यांतून शिंकांचे आवाज येत होते.

पुरुषांना मात्र थोडी लाज वाटली. पहिला लिंबाजी पुढं झाला आणि त्यानं बाही वर केली. "माझ्या हातावर टोचा, पंत. आमी भेकड न्हाई." त्याच्या मागं तालमीतले गडी आले आणि दंड फुगवून उभे राहिले. केरोपंतानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांच्या तोंडावर वण. "तुमच्यावर फोड उठायचा नाही रे," तो हताश होऊन म्हणाला. "थोरली ज्याच्याकडे येऊन गेली, त्याच्याकडे धाकटी येत नाही. मला तिनं न शिवलेला दंड हवा." तसा दंड गावात फक्त पोरांचा होता, आणि पोरं कणग्यांत होती.

संध्याकाळी केरोपंत घाटावर गुडघ्यांत डोकं घालून बसला. उद्या त्या धनगराच्या पोराचा फोड सुकणार आणि दिवा विझणार होता. पलीकडे तांबखडा दिसत होता, पण तिथून निरोप आला होता, की टोचणारा आला तर काठीनं हाकलू. आणि देवी आता त्या काठानं एकाच मजलेवर आली होती.

पाहुणी नाव बांधून वर आली.

"ह्यानं माणूस मरतं का हो?" तिनं विचारलं.

"सहसा नाही. पण कधीच नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. हात सुजेल, ताप येईल."

"मोठ्या माणसाला चालतं?"

"ज्याला देवी आली नाही त्याला—" एवढं बोलून केरोपंतानं मान वर केली आणि तिचं नितळ तोंड बघितलं. तो ताडकन उभाच राहिला. ते तोंड बघून आनंद झालेला तो पहिला माणूस, असं म्हणतात.

गावभर बातमी झाली. राही आजी नावाड्याच्या दारात आली.

"ऐक पोरी. माणसाच्या हातची देवी मी मोजत न्हाई. त्या वणावरून बोट फिरवायची न्हाई मी. नाव मिळायचं न्हाई तुला. जगलीस तर पाहुणी, मेलीस तरी पाहुणी."

आयुष्यात पाहुणीला एकच गोष्ट हवी होती, आणि ती देणारं माणूसच नाही म्हणत होतं.

तिची आई सोना चुलीपुढं बसून होती. ती वर न बघताच म्हणाली, "नको गं बाई. माझी दोन गेली. रडाया बसले तर हाक कुणाला मारू? दोघंबी पाहुणेच. तू तरी तशी जाऊ नगंस."

पाहुणीनं दारातून नदीकडे बघितलं. पलीकडच्या काठावर भिवराक्काचं घर होतं. त्या घरात अक्काचं तान्हं होतं, तेही पाहुणाच होतं. परवाच तिनं ते नावेतून उतरवताना छातीशी धरलं होतं आणि त्यानं तिच्या नाकात बोट घातलं होतं.

"आये," ती म्हणाली, "मग उद्या अक्कानं कुणाला हाक मारून रडायचं?"

सोना उठली, लेकीजवळ आली आणि तिनं स्वतःच्या हातानं तिच्या चोळीची बाही वर सरकवली.

केरोपंतानं तिच्या डाव्या दंडावर टोचलं. धनगरीण आपलं पोर घेऊन आनंदानं घरी गेली, आणि सारा दिवा आता एकट्या पाहुणीच्या दंडावर राहिला.

तिला ताप चढला, काख दुखली. गाव काही ना काही काम काढून दारावरून जायचं आणि आत डोकावायचं. ती मरत नाही हे बघून काहींना बरं वाटलं. थोडी माणसं खट्टू झाली, कारण ती मरणार असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि दंडावर फोड उठला. मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा, मधे जरासा खोलगट. केरोपंत रोज बघायचा आणि पगडी काढून डोकं खाजवत हसायचा. "पिकतोय," म्हणायचा, "झकास पिकतोय."

फोड पिकला त्याच दिवशी नदी फुगली.

असा पूर कुणी पाहिला नव्हता, असं म्हणतात. अख्खी झाडं उभीच्या उभी वाहत येत होती आणि त्यांच्या शेंड्यांवर माकडं बसली होती. नावेचा दोर तुटला, आणि लिंबाजीची नाव त्याच्या डोळ्यांदेखत गेली. आणि पलीकडे, तांबखड्याच्या वरच्या अंगाच्या पहिल्या घरावर, हिरवा ठिपका दिसला. कडुनिंबाचा डहाळा. देवी येऊन पोचली होती. भिवराक्काच्या दाराला अजून काही नव्हतं.

"पूर ओसरेपर्यंत फोड सुकेल," केरोपंत म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

घाटावर सगळं गाव जमलं होतं. लिंबाजी त्यांच्याकडे वळला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला.

"तुमची पोरं तुमाला द्यावीशी न्हाई वाटली, नगा देऊ. गुळाची काहील तरी द्याल का न्हाई?"

तेव्हा तेच दंड फुगवणारे गडी गुऱ्हाळाकडे पळाले. उसाचा रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई त्यांनी खांद्यावरून आणली आणि पाण्यात सोडली. ती डुलू लागली.

"मला पोहता येत नाही," केरोपंत म्हणाला.

"काहीलीला तरी कुठं येतंय, पंत," लिंबाजी म्हणाला. "बसा मुकाट्यानं."

केरोपंत पेटी डोक्यावर घेऊन आत बसला. छत्री सोडायला तो काही तयार होईना. त्याच्यासमोर पाहुणी बसली, टोचलेला डावा हात उघडा ठेवून. गड्यांनी काहील ढकलली आणि ते गळ्याएवढ्या पाण्यापर्यंत गेले. त्यापुढं कुणाला जाता येईना.

नदीच्या मधोमध तो भोवरा आहे, ज्यावरून गावाला नाव पडलं. काहील तिथं पोचली आणि जात्यासारखी गरगरा फिरू लागली. कडेवरून पाणी आत यायला लागलं. दोघांचं ओझं तिला पेलवेना. पाहुणीनं एकदा तांबखड्याकडे बघितलं. मग काहीलीच्या कडीला बांधलेला दोर तिनं दातांत धरला आणि पाण्यात उडी घेतली.

दोन्ही काठांवरची माणसं ओरडली. पाण्यावर काहीच दिसेना. मग एक हात दिसला. नुसता एक हात, खांद्यापासून वर ताठ, आणि दंडावर तो पांढरा फोड. बाकी सगळी ती पाण्याखाली. उजव्या हातानं ती पाणी कापत होती, दातांनी काहील ओढत होती, आणि डावा हात निशाणाच्या काठीसारखा वर. लाटा आल्या, ओंडके आले, पण त्या दंडाला पाण्याचा एक थेंब लागला नाही, असं म्हणतात. असंही म्हणतात, की पुरातून वाहत आलेली एक गाय तिच्या अंगाला अंग लावून पोहत होती आणि तिनंच तिला भोवऱ्याबाहेर रेटलं. केरोपंतानं मात्र पुढं म्हातारपणी सांगितलं, की गाय-बिय आपण काही पाहिली नाही, कारण आपले डोळे गच्च मिटलेले होते.

ती तांबखड्याच्या खडकावर चढली तेव्हा तिथली माणसं हात जोडून मागं सरली. आधी त्यांनी टोचणाऱ्याला काठीनं हाकलायचं ठरवलं होतं, पण काठ्या कुणाच्याच हातात राहिल्या नव्हत्या. त्या गर्दीतून भिवराक्का आली. तिच्या कडेवर तान्हं होतं. तिनं धाकट्या बहिणीचा हात बघितला, काही विचारलं नाही आणि लेकराची बंडी वर केली.

"माझ्याला पयलं," ती म्हणाली.

मग दुसरी आई आली, मग तिसरी. केरोपंत टोचत गेला. जाणती माणसं सांगतात, की एका फोडाचं पाणी चार-पाच पोरांना पुरतं. पण त्या दिवशी तांबखड्यातलं शेवटचं पोर टोचून होईपर्यंत त्या दंडातलं पाणी आटलं नाही, असं म्हणतात. शेवटचं पोर टोचलं आणि फोड आपोआप मिटला, सूर्य मावळल्यावर कमळ मिटतं तसा.

तेव्हा एक म्हातारा पुढं आला. "बाई," तो म्हणाला, "आमच्या पोरांना सांगाया पायजे, कुणाच्या हातानं वाचला ते. तुजं नाव काय?"

एवढी नदी पोहून आलेल्या तिनं ओली बाही ओढून दंड झाकला.

"पाहुणी," ती खाली बघून म्हणाली.

भिवराक्काला ते ऐकवलं नाही. ती तशीच तरातरा पाण्याच्या कडेला गेली आणि पलीकडे तोंड करून छाती फुटेस्तोवर ओरडली, "आये! हिचं नाव काय गं?"

असं म्हणतात, की तेव्हा काळगंगा गप्प झाली. तो सगळा पूर, ते ओंडके, तो भोवरा, सगळं जागच्या जागी थांबलं. नदीलाही ते नाव ऐकायचं होतं.

भोवऱ्याच्या घाटावर सगळ्यांनी राही आजीकडे बघितलं. ती काठीवर हनुवटी टेकून उभी होती. पाण्यावरचा तो एकटा हात तिनं या काठापासून त्या काठापर्यंत बघितला होता.

"देवीला राग असता," ती सावकाश म्हणाली, "तर बुडवाया ह्यापरीस चांगली येळ कंची व्हती?" मग ती सोनाकडे वळली. "सोने, नाव मी ठेवायची न्हाई. आईनं पोटात एक नाव लपवून ठेवलेलंच असतंय. मलाबी ठावं हाय, मीबी ठेवलं व्हतं. मार हाक."

इतक्या वर्षांत ते नाव सोनानं अंधारातसुद्धा उच्चारलं नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "हौसाऽऽ!"

आणि पलीकडच्या काठावर ती वळली. तिला कुणी सांगितलं नाही, तरी वळली.

"ओऽऽ!" ती ओरडली. "ओ, आये, ओऽऽ!"

सोना तेवढ्यावर थांबली नाही. "हणमंताऽऽ!" तिनं हाक मारली. तो थोरला, जो गेला होता. "तुळसाऽऽ!" ती धाकटी, जी गेली होती. आणि पलीकडून हौसानं आणि भिवरानं दोघांच्याही हाकांना ओ दिली. मग सोनाशेजारची बाई पुढं आली आणि तिनं कुणालाही माहीत नसलेलं एक नाव घेतलं. मग तिच्या शेजारची. मग घाटावरच्या सगळ्या आया, पोटात दडवलेली सगळी नावं, जी पोरं पाहुणी म्हणून आली आणि पाहुणी म्हणून गेली त्यांची. नदी गप्प होती. आणि तांबखड्याचा काठ प्रत्येक नावाला ओ देत होता. राही आजीनं शेवटी एक नाव घेतलं, इतकं हळू, की ते पलीकडे पोचणं शक्य नव्हतं. तरी पलीकडून ओ आली, असं म्हणतात.

त्या श्रावणात देवी तांबखड्याच्या गल्लीगल्लीतून फिरली. टोचलेल्या एकाही पोराला तिनं उचललं नाही. पूर उतरल्यावर भिवराक्का आपलं लेकरू छातीशी धरून भोवऱ्याला आली. त्याच्या दंडावर आता फोड पिकला होता. घाटावर सगळ्यांत पुढं राही आजी उभी होती, आणि तिच्या कडेवर नातू होता. त्याच्या केसांत अजून कणगीतली ज्वारी अडकलेली होती. केरोपंतानं त्याला टोचलं. फोड सुकून खपली पडल्यावर राही आजीनं त्याच्या दंडावरच्या त्या एकुलत्या वणावरून बोट फिरवलं आणि देवळाकडे तोंड करून म्हणाली, "मोजलं गं आई."

हौसा पुढं खूप जगली. तिचं लग्न झालं, नातवंडं झाली, आणि ती शेवटपर्यंत नाव चालवत राहिली. तिचा तो डावा हात म्हातारपणीही सुरकुतला नाही, असं म्हणतात.

आता काळगंगेवर पूल आहे. देवी कधीच जगातून गेली. भोवऱ्यात आता आरोग्य केंद्र आहे, आणि तिथं पोरांना दुसऱ्या रोगांच्या लसी टोचतात. कधी एखादी नवी आई दाराशी घुटमळते. पोर आवळून धरते, आत जाऊ की नको, तिला कळत नाही. तिला कुणी रागावत नाही. बाकावर बसलेली एखादी म्हातारी नुसती आपली बाही वर करते आणि दंडावरचा जुना वण दाखवते.

आणि टोचून झालं, की पोर रडत असतानाच त्याला हौसाईच्या घाटावर नेतात. बारसं आधी झालेलं असलं तरी तिथं नाव पुन्हा ठेवतात. आई पाण्याच्या कडेला उभी राहते, हात तोंडाशी धरते आणि पहिली हाक हौसाला मारते. मग आपल्या लेकराला. पलीकडे तांबखड्याच्या काठावर जो कुणी असेल, म्हशी धुणारा असो, कपडे आपटणारी असो, की वाट चुकून आलेला परका माणूस असो, त्यानं हातातलं काम टाकून ओ द्यायची. आणि आजवर एकही हाक ओ मिळाल्याशिवाय परत आलेली नाही.